श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्षपद : एका सत्तेची स्थित्यंतरे

२२ मे १९७२ रोजी कोलंबो येथील नवरंगहला सभागृहात घटना समितीने नवी राज्यघटना संमत केली आणि सिलोन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेटाचे श्रीलंका प्रजासत्ताकात रूपांतर झाले. ब्रिटिश राजमुकुटाशी उरलेला अखेरचा औपचारिक धागा त्या दिवशी तुटला. १९६२ पासून गव्हर्नर-जनरल असलेले विल्यम गोपल्लवा हेच प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. माणूस तोच राहिला, निवासस्थानही तेच राहिले आणि अधिकारांतही फारसा पालट झाला नाही. पंतप्रधानांनी नामनिर्देशित केलेला आणि पंतप्रधानांच्याच सल्ल्याने चालणारा हा राष्ट्रप्रमुख म्हणजे राज्याचे शोभाचिन्ह होते. पुढे अर्धशतकभर ज्या पदाभोवती त्या देशाचे राजकारण फिरत राहिले, त्याचा प्रारंभ इतका निरुपद्रवी होता.

या पदाच्या वाढीचा इतिहास बहुधा १९७८ पासून सांगितला जातो. ते सोयीचे आहे, पण अपुरे आहे. १९७८ मध्ये जी सत्ता एका व्यक्तीच्या हाती एकवटली, ती त्याआधी सहा वर्षे एका सभागृहाच्या हाती एकवटली होती, आणि ती तशी एकवटावी यासाठी लागणारे वैचारिक समर्थन डाव्या विचारांच्या विद्वानांनी पुरवले होते. १९७२ च्या घटनेचे शिल्पकार कॉल्विन आर. डिसिल्व्हा हे लंका समसमाज पक्षाचे नेते, नामांकित कायदेपंडित आणि निष्ठावंत ट्रॉट्स्कीवादी होते. जनतेने निवडलेल्या सभागृहावर न्यायालयाचा, वरिष्ठ सभागृहाचा किंवा वसाहतकाळातील कलमांचा अंकुश असू नये, ही त्यांची भूमिका होती. त्यानुसार ‘राष्ट्रीय विधिसभा’ हे राज्यसत्तेचे सर्वोच्च साधन ठरले. सिनेट १९७१ मध्येच रद्द झाले होते. संमत झालेल्या कायद्याची वैधता तपासण्याचा न्यायालयांचा अधिकार गेला. प्रशासकीय नेमणुका मंत्रिमंडळाकडे आल्या. अल्पसंख्याकांना जाचक ठरेल असा कायदा करण्यास मज्जाव करणारे सोलबरी घटनेतील एकोणतिसावे कलम गळले. बौद्ध धर्माला अग्रस्थान आणि सिंहली भाषेला घटनात्मक दर्जा मिळाला. तमिळांच्या फेडरल पक्षाने आपल्या मागण्या फेटाळल्या गेल्यावर जून १९७१ मध्येच घटना समितीचे कामकाज सोडले होते.

सत्तेचे सर्व बांध काढून टाकले की ती सत्ता सदैव आपल्याच हाती राहील, असे बांध काढणाऱ्यांना वाटत असते. सिरिमाओ बंदरनायके यांच्या संयुक्त आघाडीचा समज काही निराळा नव्हता. मे १९७० मध्ये पाच वर्षांसाठी निवडून आलेल्या या सभागृहाने नव्या घटनेच्या आधारे आपली पाच वर्षे १९७२ पासून मोजली आणि मतदारांना न विचारता दोन वर्षे अधिक मिळवली. पुढे असेच एक मुदतवाढीचे पाऊल याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर उचलले गेले, तेव्हा ते उचलणाऱ्यांना पूर्वउदाहरण शोधावे लागले नाही.

कार्यकारी राष्ट्राध्यक्षाची कल्पना मात्र जुनी होती आणि तिचा पुरस्कर्ता चिकाटीचा होता. ज्युनियस रिचर्ड जयवर्धने यांनी डिसेंबर १९६६ मध्ये, ते मंत्रिपदावर असताना, विज्ञानप्रसारासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेपुढील भाषणात ती प्रथम मांडली. प्रमुख शासकाला जनतेने थेट निवडावे, त्याची मुदत निश्चित असावी आणि विधिमंडळाच्या क्षणोक्षणीच्या मर्जीवर त्याचे अस्तित्व अवलंबून नसावे, असा त्यांचा आग्रह होता. विकसनशील देशाला अप्रिय निर्णय घ्यावे लागतात आणि ते घेण्यासाठी स्थैर्य लागते, हे त्यामागील सूत्र. २ जुलै १९७१ रोजी घटना समितीत त्यांनी याच आशयाची दुरुस्ती मांडली. रणसिंघे प्रेमदासा यांनी तिला अनुमोदन दिले. ती फेटाळली गेली. त्यांच्याच युनायटेड नॅशनल पक्षाचे नेते डडली सेनानायके यांचाही या कल्पनेला विरोध होता. अशा पदातून सीझरशाही उपजेल, ही त्यांची भीती होती. १९७३ मध्ये डडलींचे निधन झाले आणि पक्ष जयवर्धने यांच्या हाती आला.

स्थैर्य आणि जबाबदारी यांतील ही निवड भारतीय वाचकाला अनोळखी नाही. भारताच्या घटनेचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेपुढे ठेवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नेमका हाच पेच उलगडून दाखवला होता. शासनपद्धती एकाच वेळी पुरेपूर स्थिर आणि पुरेपूर जबाबदार असणे आजवर साधलेले नाही, आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक मोल दिले आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे वसंत साठे यांच्यासारख्या महाराष्ट्रातील नेत्याने भारतासाठी अध्यक्षीय पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला; १९८९ मधील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकात एका म्यानात दोन तलवारींची आपली परिचित म्हण आहे. भारतात हा वाद ग्रंथांत आणि व्यासपीठांवर राहिला. शेजारच्या बेटावर तो प्रत्यक्ष प्रयोगाला आला.

जुलै १९७७ च्या निवडणुकीत युनायटेड नॅशनल पक्षाने १६८ पैकी १४० जागा जिंकल्या. सत्तारूढ फ्रीडम पक्षाच्या वाट्याला अवघ्या ८ जागा आल्या आणि १८ जागा मिळवणाऱ्या तमिळ संयुक्त मुक्ती आघाडीचे अमृतलिंगम हे विरोधी पक्षनेते झाले. पाच-षष्ठांश सभागृह मुठीत आल्यावर जयवर्धने यांनी ऑक्टोबरमध्येच १९७२ च्या घटनेत दुरुस्ती करून घेतली. त्या वेळी पंतप्रधानपदावर असलेली व्यक्ती हीच निवडून आलेला पहिला राष्ट्राध्यक्ष मानली जाईल, अशी तरतूद तिच्यात होती. ४ फेब्रुवारी १९७८ रोजी जयवर्धने यांनी शपथ घेतली. थेट जनमताने भरावयाच्या पदावर पहिला माणूस थेट मतदानावाचून बसला, ही विसंगती त्या दिवशीच्या समारंभाच्या झगमगाटात फारशी कोणाला खुपली नाही.

७ सप्टेंबर १९७८ पासून अमलात आलेल्या घटनेवर फ्रान्सच्या पाचव्या प्रजासत्ताकाची छाप होती. जयवर्धने यांचे घटनाविषयक सल्लागार असलेले राज्यशास्त्रज्ञ ए. जे. विल्सन यांनी तर तिच्यावरील आपल्या ग्रंथाला आशियातील द गॉलप्रणीत पद्धती या अर्थाचेच नाव दिले. हे विल्सन तमिळ नेते चेल्वनायकम यांचे जावई. परंतु लंकेतील पद द गॉलच्या पदाहूनही बलिष्ठ होते. राष्ट्राध्यक्ष हा राष्ट्राचा, शासनाचा आणि मंत्रिमंडळाचाही प्रमुख. तिन्ही सेनादलांचा सरसेनापती. वाटेल ती खाती स्वतःकडे ठेवण्यास मुखत्यार. तो संसदेला उत्तरदायी खरा, पण संसद अविश्वास ठराव आणू शकत होती तो मंत्रिमंडळावर. पदावर असेतो त्याच्यावर कोणताही दावा चालणार नव्हता. मुदत सहा वर्षांची. निवडणुकीला एक वर्ष उलटले की संसद विसर्जित करण्याचा अधिकार त्याला होता. त्याला हटवायचे तर दोन-तृतीयांश सदस्य आणि सर्वोच्च न्यायालयाची चौकशी, अशी दुहेरी चाळणी होती. पुरुषाची स्त्री आणि स्त्रीचा पुरुष करणे तेवढे आपल्या हाती नाही, असे उद्गार जयवर्धने यांच्या नावावर सांगितले जातात, ते याच पदाविषयी.

याच घटनेने मूलभूत अधिकारांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची सोय केली आणि तमिळला राष्ट्रीय भाषेचा दर्जा दिला, हेही नमूद केले पाहिजे. पण त्याच घटनेच्या अंमलाबरोबर सर्वोच्च न्यायालयातील विद्यमान न्यायाधीशांची पदे संपुष्टात आली आणि सर्वांची फेरनेमणूक झाली नाही. अधिकार देणारा आणि अधिकाराची दाद लावणारे न्यायासन नव्याने भरणारा हात एकच होता.

जयवर्धने यांनी सत्तेचे केंद्र हलवले आणि तिथपर्यंत पोहोचणारी शिडीही काढून घेतली. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धती आणल्यामुळे यापुढे कोणत्याही पक्षाला १९७७ सारखे दोन-तृतीयांश बहुमत सहजी मिळणार नव्हते. म्हणजेच नवी घटना सहजी बदलता येणार नव्हती. स्वतःच्या सभागृहाला मात्र हा नियम अद्याप लागू झालेला नव्हता. जयवर्धने यांच्या कारकिर्दीत, डिसेंबर १९८८ पर्यंत, या घटनेला १६ दुरुस्त्या झाल्या. त्यांतील कित्येक दुरुस्त्या म्हणजे त्या त्या वेळच्या राजकीय निकडीवर शोधलेले उतारे होते. ऑक्टोबर १९८० मध्ये सिरिमाओ बंदरनायके यांचे नागरी हक्क सात वर्षांसाठी काढून घेण्यात आले. तिसऱ्या दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाला आपली निवडणूक मुदतीआधी घेण्याची मुभा दिली. २० ऑक्टोबर १९८२ रोजी, प्रमुख प्रतिस्पर्धी मैदानाबाहेर असताना, जयवर्धने ५२.९१ टक्के मतांनी विजयी झाले.

यानंतर जे घडले तो या पदाच्या इतिहासातील निर्णायक क्षण होय. संसदेची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने झाली असती तर दोन-तृतीयांश बहुमत गेलेच असते. म्हणून निवडणूक टाळून जुन्याच संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवावी काय, असा प्रश्न जनतेला विचारण्यात आला. सत्तारूढ पक्षाच्या खासदारांकडून तारीख न घातलेली राजीनामापत्रे राष्ट्राध्यक्षांनी आधीच घेऊन ठेवली होती. दिवा आणि घागर ही दोन चिन्हे मतपत्रिकेवर होती : दिवा म्हणजे होकार, घागर म्हणजे नकार. २२ डिसेंबर १९८२ रोजी ५४.६६ टक्के मते दिव्याला पडली. देशव्यापी सार्वमत त्या देशात घेतले गेले ते हे एकदाच, आणि तेही निवडणूक न घेण्यासाठी. अशा रीतीने १९७७ चे सभागृह जवळजवळ साडेअकरा वर्षे जगले. ज्या पिढीने याच काळात मतदानाचे वय गाठले, तिच्यातील अनेक सिंहली तरुण जनता विमुक्ती पेरमुनाकडे वळले आणि अनेक तमिळ तरुण उत्तरेकडील सशस्त्र संघटनांकडे. या दोन्ही बंडांची कारणे सार्वमताहून जुनी व खोल होती. तरीही मतपेटीची वाट सहा वर्षे बंद ठेवल्याची किंमत त्या समाजाने मोजली नाही, असे म्हणता येणार नाही.

जुलै १९८३ च्या तमिळविरोधी हत्याकांडानंतर फुटीरतेला कोणत्याही स्वरूपात पाठिंबा न देण्याची शपथ लोकप्रतिनिधींना सक्तीची करणारी सहावी दुरुस्ती आली. ती न घेणारे तमिळ आघाडीचे खासदार संसदेबाहेर फेकले गेले. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर तेराव्या दुरुस्तीने प्रांतिक परिषदा निर्माण केल्या. सर्वोच्च न्यायालयात ती पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मताने टिकली. सत्तेच्या विकेंद्रीकरणाची ही पहिली घटनात्मक तरतूद. पण प्रत्येक प्रांतावर राष्ट्राध्यक्षाने नेमलेला राज्यपाल बसला, आणि जमीन व पोलीस हे अधिकार कागदावरून प्रांतांच्या हाती कधी पूर्णपणे उतरले नाहीत. केंद्रातील एका पदाचे अधिकार अबाधित ठेवून परिघाला अधिकार देण्याचा तो प्रयत्न होता. त्याचे फळ त्या बेतानेच मिळाले.

१९७१ मध्ये अनुमोदन देणारे प्रेमदासा जानेवारी १९८९ मध्ये स्वतः त्या पदावर बसले. ऑगस्ट १९९१ मध्ये ललित अतुलतमुदली आणि गामिनी दिसानायके या त्यांच्याच पक्षातील नेत्यांनी महाभियोगाचा प्रस्ताव सभापतींकडे दिला. प्रेमदासांनी संसदेचे अधिवेशन संस्थगित केले, आणि पुढे सह्यांच्या वैधतेवरून सभापतींनी प्रस्ताव फेटाळला. महाभियोगाची तरतूद घटनेत कशी आहे यापेक्षा तिची कळ कोणाच्या हाती आहे, हे यावरून उघड झाले. १ मे १९९३ रोजी प्रेमदासांची हत्या झाली. संसदेने उरलेल्या मुदतीसाठी दिंगिरी बंडा विजेतुंगा यांची अविरोध निवड केली.

नोव्हेंबर १९९४ मध्ये चंद्रिका कुमारतुंगा ६२.२८ टक्के मते घेऊन निवडून आल्या, त्या हे पद रद्द करण्याच्या वचनावर. १५ जुलै १९९५ ही तारीखही त्यांनी देऊन टाकली होती. त्यांच्या मातोश्री सिरिमाओ बंदरनायके पंतप्रधान झाल्या. १९७२ मध्ये ज्यांनी राष्ट्राध्यक्षाला शोभेचे स्थान दिले, त्याच आता कन्येच्या सर्वंकष राष्ट्राध्यक्षपदाखाली जवळजवळ नामधारी पंतप्रधान होत्या. ठरलेली तारीख आली आणि गेली. ऑगस्ट २००० मध्ये नव्या घटनेचे विधेयक संसदेत आले खरे. परंतु पद रद्द होऊनही विद्यमान राष्ट्राध्यक्षांचे अधिकार त्यांच्या मुदतीपुरते राखणारी संक्रमणकालीन कलमे त्यात होती. विरोधी खासदारांनी त्याच्या प्रती सभागृहातच जाळल्या. दोन-तृतीयांश मते जमली नाहीत.

वचनभंगाचा दोष केवळ व्यक्तींवर टाकून भागत नाही. पद रद्द करावयाचे तर संसदेत दोन-तृतीयांश मते हवीत, आणि न्यायालयीन निर्णयांनुसार जनतेची कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडून काढून घेणाऱ्या तरतुदींना सार्वमतही हवे. ही दुहेरी अट ओलांडण्याचे बळ ज्याच्यापाशी असते, त्याला त्या बळाचे अन्य उपयोग सुचतात. ज्याच्यापाशी नसते, त्याला वचन पाळता येत नाही. सतराव्या दुरुस्तीने ऑक्टोबर २००१ मध्ये घटनात्मक परिषद आणि स्वतंत्र आयोग निर्माण करून नेमणुकांच्या अधिकाराला प्रथमच लगाम घातला, तो एका दुबळ्या सरकारच्या काळात. डिसेंबर २००१ पासून राष्ट्राध्यक्षपदी चंद्रिका आणि पंतप्रधानपदी विरोधी पक्षाचे रनिल विक्रमसिंघे असा दोन तलवारींचा संसार सुरू झाला. नोव्हेंबर २००३ मध्ये पंतप्रधान वॉशिंग्टनमध्ये असताना राष्ट्राध्यक्षांनी संरक्षण, गृह आणि माहिती ही खाती आपल्याकडे घेतली. तीनच महिन्यांनंतर संसद विसर्जित झाली.

अध्यक्षीय पद्धतीच्या समर्थनार्थ जयवर्धने यांच्या बाजूने एक युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा असा आहे. सारा देश एकच मतदारसंघ झाला आणि पन्नास टक्क्यांची अट घातली, की कोणत्याही उमेदवाराला तमिळ, मुस्लिम आणि मळ्यांतील तमिळ मतांची मनधरणी करावी लागेल. १९९४ आणि २०१५ चे निकाल या अपेक्षेला धरून होते. पण २००५ मध्ये उत्तरेत वाघांनी मतदान होऊ दिले नाही आणि महिंद राजपक्षे ५०.२९ टक्क्यांवर निवडून आले. २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे यांनी जवळजवळ केवळ सिंहली बहुसंख्याकांच्या बळावर ५२.२५ टक्के मते मिळवली. बहुसंख्य समाज एकवटला की एकच मतदारसंघ अल्पसंख्याकांचे कवच उरत नाही, हे तेव्हा दिसून आले.

मे २००९ मध्ये युद्ध संपले. विजयाच्या लाटेवर महिंद राजपक्षे पुन्हा निवडून आले आणि विरोधी बाकांवरून आलेल्या पक्षांतरितांच्या साह्याने त्यांनी दोन-तृतीयांशांचा आकडा गाठला. जयवर्धने यांनी काढून घेतलेली शिडी फोडाफोडीने परत लावता येते, हा नवा शोध होता. सप्टेंबर २०१० मधील अठराव्या दुरुस्तीने दोन कारकिर्दींची मर्यादा उठवली आणि घटनात्मक परिषदेच्या जागी केवळ सल्ला देणारे मंडळ आणले. बाजूने १६१ मते, विरोधात १७. जानेवारी २०१३ मध्ये सरन्यायाधीश शिराणी बंदरनायके यांना महाभियोगाने पदच्युत करण्यात आले.

प्रतिक्रिया एका बौद्ध भिक्षूभोवती उभी राहिली. मादुलुवावे सोबिता थेरो यांनी कार्यकारी राष्ट्राध्यक्षपद रद्द करण्याची मागणी पक्षांच्या पलीकडे नेली. जानेवारी २०१५ मध्ये मैत्रीपाल सिरिसेना निवडून आले आणि एप्रिलमध्ये एकोणिसावी दुरुस्ती २२५ पैकी २१२ मतांनी संमत झाली : मुदत पाच वर्षांची, पुन्हा दोनच कारकिर्दी, साडेचार वर्षांपर्यंत संसद विसर्जित करण्यास मनाई. पद राहिले, त्याचे दात काढले गेले. सोबिता थेरो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवर्तले. या दुरुस्तीची कसोटी तिच्याच प्रवर्तकाने घेतली. २६ ऑक्टोबर २०१८ रोजी सिरिसेना यांनी पंतप्रधान विक्रमसिंघे यांना बडतर्फ करून राजपक्षे यांना नेमले आणि ९ नोव्हेंबरला संसद विसर्जित केली. सभापती करू जयसूर्या यांनी गोंधळात, अंगावर मिरचीपूड उधळली जात असताना, पोलिसांच्या कड्यातून सभागृहात येऊन कामकाज चालवले. १३ डिसेंबर रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने विसर्जन घटनाबाह्य ठरवले. तीन दिवसांनी विक्रमसिंघे पुन्हा पंतप्रधान झाले. १९७२ मध्ये ज्या न्यायालयाला निरंकुश लोकेच्छेच्या वाटेतील धोंड मानले गेले होते, त्याच न्यायालयाने लोकांनी निवडलेली संसद वाचवली.

हा विजय दोन वर्षेही टिकला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये विसाव्या दुरुस्तीने, १५६ मतांनी, काढलेले दात पुन्हा बसवण्यात आले. इतके अधिकार हाती असलेल्या गोटाबाया राजपक्षे यांना इंधन, औषधे आणि परकीय चलन मात्र हुकमाने उत्पन्न करता येईना. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली. ९ जुलैला जमावाने राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान ताब्यात घेतले. १३ जुलैला राष्ट्राध्यक्ष मालदीवला आणि तेथून सिंगापूरला गेले. राजीनामा ई-मेलने आला. अविश्वास ठरावाची सोय नसलेल्या या पदावर अखेर रस्त्यानेच अविश्वास व्यक्त केला. संसदेने १३४ मतांनी विक्रमसिंघे यांना राष्ट्राध्यक्ष निवडले आणि ऑक्टोबरमध्ये एकविसाव्या दुरुस्तीने घटनात्मक परिषद परत आली.

दरम्यान २०१९ पर्यंत नऊही प्रांतिक परिषदांची मुदत संपून गेली होती आणि नव्या निवडणुका न झाल्याने प्रांतांचा कारभार राज्यपालांकडे, म्हणजे पर्यायाने राष्ट्राध्यक्षांकडे, गेला होता. राजधानीतील चौकांत ज्या पदाविरुद्ध घोषणा झाल्या, त्याचे हे दूरवर पोहोचलेले टोक मात्र फारसे कोणाच्या घोषणेत आले नाही.

२१ सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत कोणालाही पहिल्या मोजणीत निम्मी मते मिळाली नाहीत. जयवर्धने यांच्या घटनेतील दुय्यम पसंतीची मते त्या वेळी प्रथमच मोजावी लागली आणि जनता विमुक्ती पेरमुनाचे नेते अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस शासनाने ज्या पक्षाचे बंड निर्घृणपणे मोडून काढले, त्याचा नेता आता त्या शासनाच्या प्रमुखपदी होता. पद रद्द करणाऱ्या नव्या घटनेचे वचन त्यांच्या जाहीरनाम्यात होते. नोव्हेंबरमध्ये झालेल्या संसदेच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. दोन-तृतीयांशांसाठी १५० लागतात. प्रमाणशीर पद्धतीत कोणत्याही आघाडीने निवडणुकीतच, फोडाफोडीवाचून, हा आकडा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती.